नाशिकच्या गडांवर जिओकॅशिंग : पहिला डबा शोधायचा कसा आणि स्वतःचा गड-हंट लावायचा कसा

ट्रेकिंगच्या ग्रुपवर हल्ली वारंवार विचारतात की ते जीपीएसवाला डबा शोधायचा खेळ आपल्याकडे गडांवर खेळता येतो का, परवानगी लागते का, कुठून सुरू करायचं. प्रत्येकाला वेगळं टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी थोडक्यात खेळ काय ते. कोणीतरी एक डबा लपवतो, त्याचे कोऑर्डिनेट्स टाकतो, बाकीचे ते घेऊन शोधत जातात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तसाच परत ठेवतात. २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये पहिला डबा लागला, तिथून हे सुरू झालं. युरोपात जुन्या किल्ल्यांभोवती फिरवणारे असे हंट भरपूर आहेत, बुरुज मोजा, दरवाज्यावरचं चिन्ह बघा, त्यावरून पुढचा आकडा काढा वगैरे. आपल्या जिल्ह्यात तर गडांची रांगच्या रांग आहे, पण डबे तुरळक, म्हणजे शोधण्यापेक्षा लावण्यातच इथे जास्त मजा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डबा गडावर ठेवायचा नाही. गडावर फक्त प्रश्न, डबा खाली, परवानगी घेतलेल्या जागेत. का ते चौथ्या पायरीत.

१. सामान आणि कागद गोळा करा

महागडं काही लागत नाही.

- मोबाईल, त्यात जिओकॅशिंगचं अधिकृत अ‍ॅप किंवा अँड्रॉइडवर सी:जिओ. अकाउंट फुकट निघतं. काही डबे पैसे भरणाऱ्या मेंबरलाच दिसतात, सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नका.
- ऑफलाईन मॅप घरच्या वायफायवर डाउनलोड केलेला. त्र्यंबकच्या पुढे आणि पेठ रोडला रेंज कधी जाईल नेम नाही.
- पॉवर बँक. जीपीएस चालू ठेवून दिवसभर फिरलं की बॅटरी दुपारीच माना टाकते.
- पेन्सिल. पेन नको, दमट वहीवर ते उठत नाही.
- एक काठी. ती आधारासाठी नाही, कपारीत हात घालण्याआधी खडबडवायला. दगडाखाली विंचू असतात.
- आधार कार्डची झेरॉक्स. गावात किंवा वनविभागाच्या नाक्यावर नोंद करायची वेळ आली तर कामाला येते.

डबा लावणार असाल तर वरून अजून : जागामालकाचं सही केलेलं साध्या कागदावरचं संमतीपत्र, त्या जमिनीचा सातबारा, जागेचे चार फोटो आणि स्वतःची एक छोटी वही ज्यात सगळे आकडे हाताने लिहिलेले असतील.

आणि काय न्यायचं नाही ते पण ऐका. परदेशातले व्हिडिओ बघून लोकं सॅटेलाईटवरून मेसेज पाठवणारं यंत्र मागवतात. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, लोकांना विमानतळावर अडवून केस झालेल्या आहेत. साधा हँडहेल्ड जीपीएस वेगळा आणि हे वेगळं, तेव्हा विकत घेण्याआधी त्यातून मेसेज जातो का ते नीट बघा.

२. कोऑर्डिनेट्स वाचायला शिका, इथेच निम्मे लोक चुकतात

मोबाईलचा मॅप तुम्हाला २०.१२३४ असा दशांशातला आकडा देतो आणि जिओकॅशिंगमध्ये लिहितात अंश आणि मिनिटांत, म्हणजे २०° ०७.४०४'. दोन्ही एकच जागा आहे. पॉईंटनंतरचा भाग ६० ने गुणायचा, ०.१२३४ गुणिले ६० बरोबर ७.४०४, झालं. पण घाईत कोणी २०.१२३४ चं सरळ २०° १२.३४' करून टाकलं की माणूस नऊ किलोमीटर उत्तरेला जाऊन पोहोचतो, आणि तिकडे गेल्यावर म्हणतो डबा चोरीला गेला.

दुसरी गोष्ट, अ‍ॅपचा बाण तुम्हाला बोट धरून डब्यापर्यंत नेत नाही. मोकळ्या माळावर चांगला फोन तीन ते पाच मीटरपर्यंत आणतो. कड्याच्या पोटाशी किंवा नाळेत सिग्नल कातळावर आपटून येतो, तिथे वीस-तीस मीटरची चूक सहज दिसते. म्हणून बाण नाचायला लागला की फोन खिशात घाला आणि डोळे वापरा, इथे लपवायचं असतं तर मी कुठे लपवलं असतं असा विचार करा. जरा वेगळा रचलेला दगड, झाडाच्या मुळातली खोबण, कुंपणाच्या खांबाची मागची बाजू.

३. आधी दोन-चार डबे शोधा, मगच लावायच्या गोष्टी करा

अ‍ॅपमध्ये प्रत्येक डब्याला दोन रेटिंग असतात, १ ते ५. एक शोधायला किती अवघड आणि दुसरं तिथे पोहोचायला किती अवघड. सुरुवातीला दोन्ही दीडपर्यंतचे घ्या. आकार पण बघा, मायक्रो म्हणजे जुन्या फिल्म रोलच्या डबीएवढा असतो, तुम्ही टिफिन शोधत बसाल आणि तो बोटाएवढा निघेल.

नाशिकमध्ये सापडला नाही तर मुंबई-पुण्याला नातेवाईकांकडे जाल तेव्हा बघा. सापडला तर अ‍ॅपवर लॉग टाका. नाही सापडला तरी टाका, त्याला डीएनएफ म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही, मालकाला तेवढ्यावरूनच कळतं की डबा गेला असेल. आतली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. खाऊ ठेवायचा नाही हो! अंजनेरी, ब्रह्मगिरी, सप्तशृंगी, कुठेही जा, माकडं चॉकलेटचा वास बंद डब्यातून काढतात आणि डबा दरीत.

आजूबाजूला लोकं असतील तर थांबा. शोधताना कोणी विचारलं तर सरळ सांगा, मोबाईलवरचा खेळ आहे, डबा शोधतोय, आणि स्क्रीन दाखवा. उगाच गूढ चेहरे करू नका, त्याचं कारण लगेच पुढच्या पायरीत येतंय.

४. गड निवडताना : कायदा, गाव आणि गुप्तधन

आपल्याकडे जुन्या गडावर दोन-तीन अनोळखी पोरं यंत्र घेऊन दगड हलवताना दिसली की गावाला एकच शंका येते, गुप्तधनवाले. ती शंका फुकटची नाही, गडांवर खरोखर खड्डे पाडून ठेवलेले आहेत लोकांनी. म्हणून गडाखालच्या गावात पोहोचल्यावर पहिलं काम, पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटा. "काका, असा असा खेळ आहे, खोदायचं काही नाही, हा डबा आणि ही वही" असं दाखवलं की बहुतेक वेळा चहा मिळतो आणि गावातली दोन पोरं बरोबर यायला तयार होतात. न भेटता वर गेलात तर खाली उतरल्यावर गर्दी जमलेली असू शकते, मग समजावत बसा. खेळाच्या नियमातही खोदून पुरायला मनाई आहेच, तेव्हा कुदळ-खुरपं बरोबर दिसताच कामा नये.

आता कायदा. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. हा नियम मुळात बांधकाम-खोदकामासाठी आहे, डब्यासाठी नाही, पण स्मारकात वस्तू लपवून लोकांना दगड उचकटायला लावणं कुठल्याच बाजूने बसत नाही. राज्य संरक्षित गडांनाही हेच धरून चाला. माझा सरळ हिशोब असा : तटबंदी, दरवाजा, टाकं, मंदिर, लेणं यातलं काही दिसतंय तिथे डबा नाही.

कोणता गड? माझं मत विचाराल तर,

रामशेज पहिला. पेठ रोडला आशेवाडीतून वाट, शहरापासून जवळ, चढ सोपा, घरातली ज्येष्ठ मंडळी पण येतात. आणि गोष्ट अशी की थीम आयती मिळते. १६८२ मध्ये औरंगजेबाने शहाबुद्दीन खानाला पाठवून वेढा घातला, एवढासा गड म्हणून चुटकीसरशी घेऊ असं वाटलं असणार, पण वर्षानुवर्षं मिळेना. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या तर किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून कातड्याने मढवल्या, खालून मोगलांनी लाकडाचा उंच दमदमा (मारा करायचा बुरुज) उभा केला, असं सगळं सांगतात. हंट लावणाऱ्याला अजून काय पाहिजे!

अंजनेरी दुसरा, पण वाट सोडायची नाही या अटीवर. तिथे गिधाडं आहेत आणि त्या डोंगराच्या नावानेच ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ कंदीलफुलाची जात आहे, डबा शोधायच्या नादात ती तुडवली तर तुम्हाला काही कळणारही नाही. इथे वाटेवरचे प्रश्नच ठेवा.

धोडप पुढच्या वर्षी. शेजारचा इखारा सुळका लांबून बघूनच माणूस खूष होतो, आणि १७६८ ची माधवराव-राघोबादादा लढाई इथलीच, पण दिवस मोठा लागतो. मनमाडकडचे असाल तर अंकाई-टंकाई, रेल्वेने जाता येतं. लेणी आहेत म्हणून डबा अर्थातच लांब.

इथे नको : हरिहर. त्या कातळपायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी आधीच रांग असते, १८१८ ला कॅप्टन ब्रिग्जने आसपासच्या गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या आणि ही पायऱ्यांची वाट वाचली, ती आपण खोळंबा करून बंद पाडू नये. तिथे कोणी पायऱ्या मोजत थांबला की खालचे सगळे खोबणीत बोटं अडकवून उभे. साल्हेर, तो १५६७ मीटरचा राज्यातला सर्वात उंच गड आणि २०२५ पासून मराठा लष्करी भूप्रदेशांच्या जागतिक वारसा यादीत, तिथे नुसता ट्रेक करा. बहुला तर लष्कराच्या फायरिंग रेंजमध्येच आहे, तिकडे फिरकायचं सुद्धा नाही, आणि देवळाली कॅम्प, गांधीनगर, ओझर या भागात हातात जीपीएस धरून रेंगाळू नका. रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर परिसरही वगळा. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, बेवारस डबा दिसला तर बॉम्बशोधक पथक येईल आणि ते बरोबरच असेल.

५. प्रश्न तयार करा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

याला मल्टी म्हणतात. पहिल्या पॉईंटचे आकडे द्यायचे, तिथे एक प्रश्न, उत्तर म्हणजे एक अंक, असे अंक जमले की शेवटच्या डब्याचे कोऑर्डिनेट्स पूर्ण होतात. गडावर काहीच ठेवायला लागत नाही, गडच प्रश्नपत्रिका.

समजा शेवटची जागा उत्तर २०° ०७.अबक' आणि पूर्व ७३° ४५.चटप' अशी आहे. सहा अक्षरं, सहा उत्तरं.

प्रश्न कशावर विचारायचा? जे दगडात आहे त्यावर. खोदीव टाक्यातले खांब, दरवाज्याच्या चौकटीवरच्या आकृत्या, कातळातल्या खोल्या. कशावर विचारायचा नाही : पाटीवरचा मजकूर (दर दोन वर्षांनी नवीन पाटी, नवीन अंतर), रेलिंगचे खांब, झेंडे, झाडं, आणि पायऱ्या. पायऱ्या तर नकोच नको, तुटकी धरायची का, उंबरा पायरी का, यावर चार जणांची पाच उत्तरं येतात. टाक्यांची संख्याही सांभाळून, पावसाळ्यात दोन टाकी एक दिसतात आणि उन्हाळ्यात गवत जळालं की झाकलेलं तिसरं बाहेर येतं.

आता गंमत बघा. उत्तरेच्या आकड्यात शेवटचा अंक, म्हणजे क, एकाने चुकला तर जमिनीवर फरक पडतो पावणेदोन-दोन मीटरचा. मधला ब चुकला तर साधारण १८ मीटर. आणि अ चुकला तर १८५ मीटर, म्हणजे माणूस थेट कोणाच्या तरी कांद्याच्या वावरात. (पूर्वेच्या आकड्यात आपल्या अक्षांशावर हेच १.७, १७ आणि १७४ मीटर.) त्यामुळे ज्या प्रश्नावर वाद होऊ शकतो त्याचं उत्तर कायम क किंवा प ला द्यायचं, आणि जे लहान पोरगं पण बिनचूक मोजेल, दरवाजे किती टाईप, ते अ आणि च ला. इतकी साधी गोष्ट, पण तयार हंटमध्ये सुद्धा उलटी केलेली दिसते. एकच सांभाळा, जिथे उत्तर ९ च्या आसपास आहे तिथे कोणी १० मोजला की दोन अंक होऊन सगळंच बिघडतं, म्हणून उत्तरं २ ते ७ मध्ये राहतील असे प्रश्न निवडा.

त्यावर अजून एक कुलूप : सहाही अंकांची बेरीज वर्णनात देऊन टाका. बेरीज जुळली नाही तर माणूस गडावरच परत मोजतो, खाली उतरून शिव्या घालत नाही.

उत्तर हवं तो अंक देत नसेल तर बेरीज-वजाबाकी लावा, "खांब अधिक दोन" असं. पण गणिताचा पेपर काढू नका. गड चढून दमलेल्या माणसाला वर्गमूळ विचारणाऱ्यांना मी डीएनएफ टाकून मोकळा होतो.

आणि प्रश्नांना गोष्टीची माळ हवी. रामशेजवर पायथ्याला वेढ्याची सुरुवात, चढताना दमदमा, दरवाज्यापाशी तोफा, टाक्यापाशी वर्षानुवर्षं पाणी कसं पुरलं असेल हा विचार, असं क्रमाने. जे नक्की माहीत ते सरळ लिहा, जे ऐकीव आहे तिथे "असं सांगतात" लिहा. आपल्या गडांवर आधीच भरपूर थापा फिरतात, त्यात भर नको.

६. डब्याची जागा आणि सातबारा

पायथ्याच्या गावात रसवंती, किराणा दुकान, शेताचा बांध, हॉटेलामागचं कुंपण असं काहीतरी शोधा, जिथे कोणाचं तरी रोज लक्ष असेल. मालकाशी तोंडी बोलून भागत नाही. महाभूलेखवर गट नंबर टाकून सातबारा बघा, कारण "माझीच जागा आहे, ठेवा बिनधास्त" म्हणणाऱ्या दादांच्या सातबाऱ्यावर बरेचदा चार भाऊ आणि दोन बहिणींची नावं असतात आणि त्यातल्या एकाचा वाद चालू असतो. गायरान निघालं तर ग्रामपंचायत, वनजमीन निघाली तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज, आणि खरं सांगू का, वनजमीन निघाली तर जागा बदला, पुष्कळ वेळ वाचतो.

डबा क्लिपवाला, रबर असलेला आणि पारदर्शक. आत काय आहे हे बाहेरून दिसलं की घाबरायचं कारणच राहत नाही. झाकणावर मराठीत लिहा : हा खेळाचा डबा आहे, धोकादायक काही नाही, कृपया जागेवर ठेवा. नाव-नंबर ज्याने ठेवलाय त्याचा, जागामालकाचा नाही. वही झिपवाल्या पिशवीत, सोबत बुटाच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी.

कोऑर्डिनेट्स घेताना एकदाच घेऊ नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तिथे फोन शांत ठेवून रीडिंग घ्या आणि सरासरी काढा. कड्याला चिकटून जागा असेल तर वीस पावलं बाहेर सरका, सरळ.

७. आधी कोणालातरी खेळवून बघा

गड माहीत नसलेल्या दोघांना कागद द्या आणि तुम्ही मागून गप चाला. तोंड उघडायचं नाही! ते जिथे थांबतात, मागे फिरतात, "हा खांब धरायचा का?" विचारतात, तो प्रश्न बदला. त्यांच्या फोनमध्ये आकडे टाकून घ्या, तुमच्या नाही.

मग अ‍ॅपच्या वेबसाईटवर सबमिट करा. स्वयंसेवक रिव्ह्यूअर तपासतो, दुसऱ्याच्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर, परवानगी, जाहिरात नाही ना, हे बघतो. परवानगीचं एका ओळीत स्पष्ट लिहा म्हणजे मेलामेली वाचते. दुकानाशेजारी डबा आहे म्हणून वर्णनात दुकानाचं नाव टाकून "इथली मिसळ खा" लिहिलंत तर परत येणार. तुम्ही राहायला बाहेरगावी आणि सुट्टीत येऊन डबा लावून गेलात तर तोही मंजूर होणं अवघड, कारण देखभाल कोण करणार हा पहिला प्रश्न असतो.

फक्त मित्रमंडळी किंवा शाळेच्या पोरांसाठीच एक दिवसाचा हंट करायचा असेल तर वेबसाईटची गरजच नाही, कागदावर प्रश्न छापा, संध्याकाळी डबा उचलून घरी आणा. गावाला सांगणं आणि जागामालकाची संमती मात्र तेव्हाही लागतेच.

८. कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कातळ शेवाळलेला असतो, धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, आणि काही ठिकाणी वनविभाग मनाई करतो ते आदल्या दिवशी बघून घ्या. मार्च-एप्रिलला कड्यावर आग्या मोहोळ असतं, सेंट मारून जाऊ नका आणि खाली काही पेटवू नका. अंधार पडायच्या आत खाली, आपल्या भागात बिबट्या काही नवीन नाही. सीबीएसवरून एसटीने जाणार असाल तर उतरतानाच कंडक्टरना परतीची शेवटची गाडी विचारा, मोबाईलवरच्या टाईमटेबलवर विसंबू नका.

९. लावल्यावरची कामं

पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या आसपास एकदा जाऊन डबा बघायचा. वही ओली झाली असेल तर बदला, जुनीचे फोटो काढून ठेवा. गडावर डागडुजी चालू असेल तर सगळे प्रश्न परत मोजा, कारण संवर्धनाच्या कामात पडलेले दगड परत बसवतात आणि तुमचं उत्तर ४ चं ५ होतं. लागोपाठ दोन डीएनएफ आले की अ‍ॅपवर डबा तात्पुरता बंद करा आणि मगच बघायला जा, नाहीतर तोवर तिसरा माणूस मुंबईहून येऊन हात हलवत परत जातो. जागामालकाला दिवाळीत भेटून या. आणि पुढे जमेनासं झालं, बदली झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तर डबा उचलून आणा आणि लिस्टिंग आर्काइव्ह करा.